आत्याचं बरोबर येतं

मी माणसांची तोंडं साफ करते. दातांची डॉक्टर नाही मी. ते लोक निदान हातमोजे तरी घालतात. मी कानांवर हेडफोन चढवून बसते आणि माणूस बोलत असताना त्याच्या तोंडात जे जे चाललेलं असतं ते शोधून शोधून काढून टाकते. ओठ सुटतानाची चिकट चटक, दोन शब्दांच्या मध्ये गिळलेला घोट, नाकातली बारीक शिट्टी, वाक्य संपल्यावर दाबलेली ढेकर. तुम्ही जो खणखणीत, गोड, धुतलेला आवाज ऐकता ना, तो मुळात कुणाचाच नसतो. सगळी घाण काढल्यावर जे उरतं ते तुमच्याकडे येतं, आणि काढलेलं माझ्याकडे राहतं.

आत्या म्हणते, या कामामुळे मला माणसांची किळस यायला लागली. मी म्हणते, किळस आधीपासूनच होती, आता तिचा पगार मिळतो इतकंच.

आमची कंपनी मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवणारे ऐकायचे धडे विकते. भांडी घासताना, चालायला जाताना लावायचे आणि मागोमाग म्हणायचे. धडे लिहिणारे सर, बोलणारे सर आणि कंपनीचे मालकही सरच. पाठीमागे आम्ही त्यांना 'लोणी' म्हणतो, कारण आवाज तसा आहे. निदान बाहेर जातो तेव्हा तसा असतो. माझ्यापर्यंत येतो तेव्हा त्यात इतकं पाणी असतं की हेडफोन पुसून घ्यावासा वाटतो. माइकसमोर बसले की त्यांच्या तोंडाला पाणी सुटतं, अगदी खरोखरचं. प्रत्येक 'अँड'च्या आधी एक चटक आणि प्रत्येक 'बट'नंतर एक घोट. पहिल्या आठवड्यात मी दुपारचा डबा न खाता परत नेला होता. गंमत अशी की सरांनी स्वतःचा हा आवाज कधी ऐकलेलाच नाही. त्यांच्यापर्यंत जातं ते मी धुऊन, वाळवून, घडी घालून दिलेलं.

आत्या माझ्या वडिलांची धाकटी बहीण. शिवणकाम करते, नवं कमी, दुरुस्तीचं जास्त. आखूड करणं, सैल करणं, उसवलेलं जोडणं. तिच्या घराची पुढची खोली म्हणजे तिचं मशीन, कापायचं टेबल आणि लोकांच्या पँटी. मागच्या खोलीत मी राहते. बाबांचं घर माझ्या ऑफिसपासून फार लांब नाही, पण त्या घरात तोंडातून निघालेलं प्रत्येक वाक्य तपासून परत मिळतं. "'दरवाजा क्लोज कर' ही कुठली भाषा?" असं ऐकत मी वाढले. बाबा इंग्रजी शाळेत शिकले, पुढे मोठ्या कचेरीत साहेब झाले, आणि निवृत्त झाल्यावर उपाहारगृहांच्या मेनूकार्डातल्या चुका पेनाने सुधारून ठेवायला लागले. आत्याला त्या शाळेत घातलं नाही. एकाला घालणं जमण्यासारखं होतं, आणि तो एक कोण हे त्या घरात कुणाला विचारावंही लागलं नाही.

बाबांचा एक विनोद आहे. आत्या खोलीत आली की ते खुर्ची पुढे ओढतात आणि म्हणतात, "यू वॉन्ट सिट?" आणि हसतात. पाहुण्यांना समजावूनही सांगतात: "आमच्या बहिणीने एकदा नर्सला सांगितलं होतं, आय वॉन्ट सिट! नर्सला वाटलं ही सीट मागतेय, बसची!" मग पाहुणेही हसतात. लहानपणी मीही हसायचे. विनोदाचा अर्धाच भाग बाबा सांगतात हे मला फार उशिरा कळलं. त्या दिवशी हॉस्पिटलात माझी आजी शेवटच्या घटका मोजत होती. आत्या सकाळपासून पलंगाशी उभी होती, आणि संध्याकाळी तिने मराठी न कळणाऱ्या नर्सकडे बसायला एक स्टूल मागितलं होतं. बाबा तेव्हा खाली डॉक्टरांशी अस्खलित बोलत होते.

हे सगळं असताना आत्या आमच्या ऑफिसात आली ती पडदे लावायला. रेकॉर्डिंगच्या खोलीला जाड अस्तराचे पडदे हवे होते, बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून. ते तिनेच शिवले. शिडीवर चढून कड्या अडकवत असताना सर आले, आणि आत्याने साहेबाशी साहेबाच्या भाषेत बोलावं म्हणून तोंड उघडलं. "आय कम फॉर पुट कर्टन, अँड वेटिंग यू." असलं काहीतरी. मी मान खाली घातली. सर मात्र मिठाईच्या दुकानापुढे उभे असल्यासारखे तिच्याकडे पाहत राहिले.

"मावशी," सर म्हणाले. आत्या त्यांच्याहून फार तर दोन वर्षांनी मोठी असेल, पण हातात मापाची टेप असलेली बाई त्यांना मावशीच वाटते. "मावशी, मला नव्या धड्यांसाठी एका विद्यार्थिनीचा आवाज हवाय. अगदी तुमच्यासारखा. देणार का?"

आत्याने शिडीवरूनच माझ्याकडे पाहिलं. "माझा? इंग्रजीत?"

"इंग्रजीत."

ती शिडीवरून उतरली तेव्हा एक कडी लावायची राहिली होती. आत्याच्या हातून कडी राहणं म्हणजे काय ते ज्यांनी तिचं काम पाहिलंय त्यांनाच कळेल.

मलाही बरं वाटलं, हे लपवत नाही. प्रश्न विचारणारी विद्यार्थिनी, उत्तर देणारे सर, असा काहीतरी बेत असेल असं मी धरून चालले. त्या धड्यांचा मजकूर अजून माझ्याकडे आला नव्हता. सरांनी आत्याला मराठी वाक्यांचा एक कागद दिला. 'मला खिडकी उघडायची आहे, पण मला थंडी वाजते.' 'मी तुम्हाला भेटायला आले आणि मी दारात थांबले.' अशी सगळी. धडाच तो होता: काहीतरी करायचं असतं, मग एक 'पण' किंवा 'आणि' किंवा 'कारण' येतं, आणि मग पुन्हा 'मी'. "घाबरू नका हं, घरी वाचून या. माइकसमोर इंग्रजीत जसं येईल तसं बोलायचं," सर म्हणाले. घरी वाचून या! हेच त्यांचं चुकलं. आत्याला कापड घरी न्यायला दिलं तर ते उसवलेलं परत येत नाही, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

त्या रात्रीपासून आमच्या घरात मशीनच्या आवाजावर इंग्रजी सुरू झालं. मी पोळपाटावरून ओरडायचे, ती पायडल मारत उत्तर द्यायची.

"मला खिडकी उघडायची आहे."

"आय वॉन्ट ओपन विंडो."

"टु, आत्या. वॉन्ट टु ओपन."

"तो टु करतो काय तिथे? नसला तर काय अडतं?"

"काही करत नाही. धरून ठेवतो."

तिने मशीन थांबवलं. जरा विचार केला. "म्हणजे टाचणी," ती म्हणाली. "दोन कापडं सरकू नयेत म्हणून." आणि त्यानंतर तिचा 'टु' कधी चुकला नाही. खरी अडचण पुढे होती. 'बट' आला की तिचं वाक्य अडखळायचं. "बट फील कोल्ड," एवढंच म्हणून ती थांबायची.

"बट आय फील कोल्ड. आय पुन्हा म्हणायचं."

"एकदा म्हटलं ना सुरुवातीला?"

"इंग्रजीत पुन्हा म्हणायचं."

"एका वाक्यात दोनदा मी मी? लाज वाटते गं." ती खरंच लाजली होती. "तुझ्या बाबाला बरं जमतं हे सगळं."

आम्ही दोघी इतक्या हसलो की शिलाई वाकडी गेली आणि तिला ती उसवावी लागली. पण दुसरा 'आय' यायला दिवस लागले. कुणाच्या तरी जाकिटाला काज करताना ती पुटपुटत असायची, बट आय, बट आय, बिकॉज आय, आणि मध्येच मान वर करून मला म्हणायची, "दादाला सांगितलंय मी. रेकॉर्डिंग झालं की रविवारी ये म्हटलं ऐकायला."

"काय म्हणाले?"

"हसला." तिने दोरा दाताने तोडला. "हसू दे. एकदा मशीनमधून ऐकेल ना, मग बघू काय सुधारतो ते. मला त्याच्याकडून शाबासकी नकोय. एकदा ऐकून गप्प बसलेला बघायचाय."

रेकॉर्डिंगच्या दिवशी आत्या कडक इस्त्रीचे कपडे घालून आली. मी काचेच्या अलीकडे, सर माझ्या शेजारी, पलीकडे तिने स्वतः शिवलेल्या पडद्यांच्या आड ती. सर मराठी वाक्य म्हणायचे, ती इंग्रजीत बोलायची. पहिलं वाक्य नीट आलं. दुसरं आलं. 'टु' आपल्या जागी, दुसरा 'आय' आपल्या जागी, जरा जास्तच ठासून, कुणीतरी काढून नेईल या भीतीने बोलल्यासारखा. आणि एक सांगते: तिच्या आवाजात काढण्यासारखं काहीच नव्हतं. ना चटक, ना घोट. आयुष्यभर ओठांत टाचण्या धरून बोलणाऱ्या बाईचं तोंड कोरडं आणि शिस्तीचं असतं. मी कितीतरी दिवसांनी हेडफोन लावून निवांत बसले होते.

मी सरांकडे पाहिलं तर त्यांचा चेहरा पडला होता. खीर मागावी आणि पुढ्यात वरण यावं तसा.

"मावशी, इतकं जपून नका बोलू. पटकन. जसं तोंडात येईल तसं."

आत्याने तीच वाक्यं पटकन म्हटली. बरोबर म्हटली.

"आता एक तुमच्या मनाचं सांगा," सर वैतागून म्हणाले. "कागदावरचं नको."

काचेपलीकडे आत्याने कागद उलटा ठेवला. मग माइकच्या जवळ सरकली. "आय वॉन्ट टु सिट," ती म्हणाली, "बिकॉज आय हॅव बीन स्टँडिंग सिन्स मॉर्निंग."

हे मी तिला शिकवलं नव्हतं. कुणाला विचारून, कधी जुळवून ठेवलं होतं कोण जाणे. मी बटणांकडे बघत बसले.

आत्याला चहा पाजून, "वा मावशी, कमाल!" म्हणून सरांनी तिला वाटेला लावलं. दार लागलं आणि ते माझ्याकडे वळले. "छान आहे. आता ते टु काढून टाक."

"कुठले टु?"

"सगळे. आणि दुसरे आय. वेळ नाही लागणार तुला."

मला वाटलं माझ्या ऐकण्यात चूक झाली, आणि माझ्या ऐकण्यात चूक होत नाही. तेव्हा सरांनी मला नव्या धड्यांची रीत समजावून सांगितली. आधी चुकीचं वाक्य ऐकवायचं, चुकणाऱ्या माणसाच्या खऱ्या आवाजात. मग भोंगा. मग सरांच्या आवाजात बरोबर वाक्य. आधीच्या धड्यांत सर स्वतःच आवाज बदलून चुकीचं बोलायचे, पण लोकांना ते खोटं वाटत होतं. ते आवाज मीच धुतले होते, पण आत्याला त्या जागी बसवतील हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. "चूक अस्सल पाहिजे. माणसाला वाटलं पाहिजे, अरे, मी असाच बोलतो की! मग तो पुढचा धडा घेतो."

"तिचं बरोबर आलंय, सर."

"तेच तर! तू शिकवलंस ना घरी? उगाच घोळ घातलास. मी तिला घेतलं कशासाठी?" त्यांनी जीभ ओठांवरून फिरवली. मला ते हेडफोनशिवायही ऐकू आलं. "मूळची ती तशीच बोलते ना? आपण फक्त तिला मूळच्या जागी नेतोय. आणि ते शेवटचं, बसायचंय वालं, ते पहिल्या धड्यात घे. फार मजेशीर होईल."

मी काय बोलायला हवं होतं ते मला नंतर पुष्कळ सुचलं. ते जेवायला गेले. मी एकटी, समोर संगणकाच्या पडद्यावर आत्याच्या आवाजाची रेघ. मी काप केला. खरंच केला, हात सवयीने चालतो. 'टु'चा एवढासा फुगवटा होता, तो निवडला आणि उडवला. 'बिकॉज'नंतरचा 'आय' उडवला. कडा जुळवल्या. मग ऐकलं.

आय वॉन्ट सिट.

आत्याच्या आवाजात, तिच्या श्वासासकट. कुठे सांधा नाही, सुरकुती नाही. मी माझं काम फार सफाईदार करते. बाबांचा विनोद मी स्वतःच्या हातांनी तयार केला होता, तोही आता बाबांच्या तोंडून नाही, तिच्याच तोंडून. पुढे भोंगा वाजणार होता. आणि न जाणो कुठल्या कुठल्या घरात, भांडी घासता घासता, माणसं हसणार होती. मी उठून बेसिनपाशी गेले आणि नळ सोडून बराच वेळ बोटं धूत राहिले. लोण्याची शिसारी रोजचीच होती. या वेळी ती माझ्या बोटांची होती.

परत येऊन मी केलेला काप मागे घेतला. 'टु' आपल्या जागी आला. तेवढ्याने भागणार नव्हतं, कारण कापायला सर दुसऱ्या कुणालाही बसवू शकले असते. सर जेवून आले, दात कोरत. मी म्हटलं, "सर, एक ऐकता का?" आणि त्यांचा सकाळचा ट्रॅक मोठ्या स्पीकरवर लावला. न धुतलेला.

सुरुवातीला त्यांना कळलं नाही. "हे काय आहे? पाणी कुठे गळतंय?"

"ते तुमचं तोंड आहे, सर."

चटक. घोट. 'अँड'. चटक. पिचपिच. मग त्यांचा तो लोण्यासारखा आवाज: जर तुम्हाला सुंदर इंग्रजी बोलायचं असेल, आणि एक लांबलचक गिळणं. सर जागच्या जागी उभे होते. हातातली काडी त्यांनी खिशात घातली. एखाद्या माणसाला पहिल्यांदा आपल्याच अंगाचा वास यावा तसा त्यांचा चेहरा झाला. "बंद कर," ते म्हणाले. मी केलं नाही. "बंद कर गं!"

मी बंद केलं. "मी आत्याचं काही कापणार नाही," मी म्हटलं. "कुणी दुसऱ्याने कापलं तर मग तुमचंही मी कापणार नाही. एक तर सगळ्यांचं साफ करीन, नाही तर कुणाचंच नाही."

"धमकी देतेस?"

"रीत सांगतेय. तुम्ही नाही का मला सांगितलीत."

त्यांनी मला नोकरीवरून काढलं नाही. काढतील कसे? दुसरा माणूस आणायचा म्हणजे ते सगळं आणखी एका माणसाला ऐकवायचं. "मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणारा" असं म्हणतात ना, आमचं लोणी तसलं आहे, पण त्यालाही स्वतःची शिसारी येते हे त्या दिवशी कळलं. आत्याचं रेकॉर्डिंग त्यांनी मलाच कंपनीच्या यंत्रावरून पुसायला सांगितलं. पुसण्याआधी मी ते माझ्या फोनवर घेतलं. चुकीची वाक्यं सर पुन्हा स्वतःच बोलू लागले, आवाज बदलून, आणि मी ती धुऊ लागले. अजून धुते. नोकरी सोडली असं सांगायला मलाही आवडलं असतं.

आत्याला मी सगळं सांगितलं. ती एका झग्याची बाजू उसवत होती. ऐकून तिने कात्री खाली ठेवली.

"म्हणजे माझं बरोबर आलं, म्हणून त्याच्या उपयोगाचं नाही?"

"हो."

"आणि चुकलं असतं तर घेणार होता?"

"हो."

"मेला," ती म्हणाली. मला वाटलं रडेल. "पण तुझ्याकडे आहे ना ते? न कापलेलं?"

"आहे."

"मग झालं. धड्यात नाही तर नाही. मला जगाला कुठे ऐकवायचं होतं? रविवारी दादा येतोय."

रविवारी बाबा आले. बरोबर पिशवीत एक नवी पँट, पायात लांब. बहिणीकडे ते कधी रिकाम्या हाती येत नाहीत. काहीतरी आखूड करायचं असतंच. आत्या मागून चहा घेऊन आली, आणि त्यांनी खुर्ची ओढली. "यू वॉन्ट सिट?"

"नंतर," आत्या म्हणाली. "आधी तुझी पँट बघू. घालून ये."

बाबा पँट घालून स्टुलावर उभे राहिले, नेहमीसारखे, कमरेवर हात ठेवून. आत्या त्यांच्या पायाशी गुडघ्यांवर बसली. ओठांत टाचण्यांची रांग. एक एक काढून ती दुमड टाचत होती. तिने मान न वळवता मला हाताने खूण केली: लाव.

मी फोन टेबलावर ठेवला आणि लावलं. आय वॉन्ट टु ओपन द विंडो, बट आय फील कोल्ड. आय केम टु मीट यू, अँड आय वेटेड ॲट द डोअर. बाबांनी भुवया वर केल्या. आत्याचा हात चालूच होता, पण मी पाहत होते, टाचणी त्याच त्याच जागी आत-बाहेर होत होती. मग शेवटचं आलं. आय वॉन्ट टु सिट, बिकॉज आय हॅव बीन स्टँडिंग सिन्स मॉर्निंग.

संपलं. बाबा गप्प होते. आत्याने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते तिला मिळालं होतं: तिचा भाऊ स्टुलावर उभा आणि बोलायला काही नाही. ते फार तर दोन श्वास टिकलं असेल.

मग बाबा हसले. ते माझ्याकडे वळले, तिच्याकडे नाही. "छान केलंयस गं," ते म्हणाले. "अगदी बेमालूम! टु कुणाच्या आवाजातून घेतलेस? आणि ते 'हॅव बीन'? तुमच्या त्या सरांचं तर नव्हे?"

"बाबा, मी काहीही केलेलं नाही."

"अगं, कौतुकच करतोय तुझं."

"एक अक्षर जोडलेलं नाही! ती बोललीय हे. मी समोर होते!"

"बरं बरं." लहान मुलाने चंद्र आणून दिला असं सांगावं आणि मोठ्या माणसाने मान डोलवावी, तशी मान डोलावली त्यांनी. "असेल. मग समोर म्हणू दे की एकदा. हातच्या कांकणाला आरसा कशाला?"

मला त्यांची इतकी किळस आली, इतकी की काय सांगू. लोण्याचं तोंड मी वर्षानुवर्षं ऐकलंय, पण असा कोरडा, स्वच्छ, थुंकीचा थेंब नसलेला घाणेरडा आवाज मी कधी ऐकला नव्हता. सर तिचं बरोबर असलेलं चुकीचं करायला निघाले होते. त्यांनी निदान ते बरोबर आहे हे ऐकलं तरी होतं. माझ्या बापाला ते ऐकूच आलं नाही.

आत्याने ओठांतल्या टाचण्या एक एक करून काढल्या आणि उशीत खोचल्या. घाई केली नाही. गुडघ्यावर हात टेकून उभी राहिली.

"दादा," ती म्हणाली. "आय वॉन्ट टु फिनिश युवर पँट, बट आय विल नॉट."

बाबा पाहतच राहिले. मीही. आणि मग बाबांच्या तोंडून ते निघालं, आपोआप, शिंक यावी तसं.

"पँट नाही म्हणत. ट्राउझर्स. आणि युवर ट्राउझर्स, अनेकवचन."

'टु'बद्दल ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या 'आय'बद्दलही नाही.

आत्याने त्यांनी ओढलेली खुर्ची जवळ घेतली आणि बसली. चांगली पाठ टेकून बसली. तिचा चहा गार झाला होता, तो ती तसाच प्यायली. बाबा स्टुलावरून उतरून आत गेले, कपडे बदलून आले. "बघ बाई, तुझी मर्जी," ते म्हणाले. "मी काय वाईट बोललो?" त्यांनी पँटीची घडी घालून पिशवीत कोंबली आणि पिशवी काखेत घट्ट दाबून जिना उतरले.

एका पायाच्या दुमडीत सगळ्या टाचण्या तशाच होत्या. मला दिसल्या होत्या. मी सांगितलं नाही.